वाचकांचे प्रश्न : सिग्नल्सचं पुस्तक पारखायचं कसं?

'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' (वेळेनुसार बदलणारे सिग्नल आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या सिस्टिम्स यांचं गणित) या इंजिनिअरिंगच्या विषयाच्या पुस्तकांबद्दल बरीच पत्रं साठली होती, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलंय. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत आणि प्रश्न थोडे छाटले आहेत. हा विषय मी बरीच वर्षं शिकवला. त्यामुळे माझी मतं पक्की आहेत आणि काही जणांना ती टोचतील, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : मॅडम, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी ओपनहाइम आणि विल्स्की यांचं 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' वाचायला सांगितलं. पहिल्या प्रकरणातच दमछाक झाली, म्हणून सोडवलेल्या उदाहरणांचं एक जाडजूड पुस्तक घेतलं. त्यातली उदाहरणं जमतात, मार्कही पडतात. पण 'कन्व्होल्यूशनमध्ये सिग्नल उलटा का करायचा?' असं एका ज्युनिअर मुलीनं विचारलं, तेव्हा मला काहीच सांगता आलं नाही. माझं चुकतंय की पुस्तकाचं?

उत्तर : पुस्तकाचं. कन्व्होल्यूशन म्हणजे इनपुटवरून सिस्टिमचं आउटपुट काढायची रीत. त्या जाडजूड पुस्तकात हे प्रकरण कसं असणार ते न पाहता सांगते. पहिल्या पानावर इंटिग्रल. दुसऱ्या पानावर कृती : उलटा करा, सरकवा, गुणा, क्षेत्रफळ काढा. पुढची सगळी पानं त्याच कृतीची उजळणी. कृती बरोबरच असते. ती कुठून आली हे मात्र कुठेच नसतं, आणि मग सिग्नल उलटा करणं हा एखादा विधी वाटायला लागतो.

कागद घ्या. एक सिस्टिम अशी धरा की तिला १ दिला तर ती त्याच क्षणी १ देते, पुढच्या क्षणी अर्धा देते आणि मग गप्प बसते. हा तिचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एका क्षणिक झटक्याला (इम्पल्सला) तिनं दिलेलं उत्तर. आता तिला १, २, ३ असे लागोपाठ तीन आकडे द्या. पहिल्या १ मुळे बाहेर येतं १ आणि अर्धा. २ एक क्षण उशिरा आला, त्यामुळे त्याचं उत्तर २ आणि १, पण एक घर पुढे सरकून. ३ चं उत्तर ३ आणि दीड, दोन घरं पुढे. एकाखाली एक मांडून उभी बेरीज करा : १, अडीच, ४, दीड. झालं कन्व्होल्यूशन. कुणी काही उलटं केलं का? नाही. जाता जाता ताळाही करून घ्या. इनपुटची बेरीज ६, रिस्पॉन्सची दीड, गुणाकार ९, आणि आउटपुटची बेरीजही ९. परीक्षेत या ताळ्याला अर्धा मिनिट लागतो आणि तरी तो कुणी करत नाही.

आता तेच उत्तर दुसऱ्या टोकाकडून बघा. तिसऱ्या घरात ४ आला, तो कुणाकुणाचा? आत्ताच आलेल्या ३ चा पहिला वाटा, म्हणजे ३. आणि एक क्षण जुन्या २ चा दुसरा वाटा, म्हणजे १. इनपुट जितका जुना तितका त्याचा रिस्पॉन्स पुढे गेलेला असतो. म्हणून इनपुट डावीकडून उजवीकडे वाचताना रिस्पॉन्स उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. 'उलटा करा' म्हणजे एवढंच : एका क्षणाच्या आउटपुटचा हिशेब मांडायची पद्धत. आणि आपण काय काय गृहीत धरलं तेही पाहा. २ दिल्यावर सगळं दुप्पट झालं, कारण सिस्टिम लिनिअर. उशिरा दिल्यावर तेच उत्तर उशिरा आलं, कारण ती टाइम-इनव्हेरियंट. दोन्ही गुणधर्म असतात म्हणूनच एका इम्पल्स रिस्पॉन्सवर सगळं निभावतं.

ओपनहाइम-विल्स्कीचं दुसरं प्रकरण याच वाटेनं जातं. आधी सुट्या आकड्यांच्या सिग्नलवर बेरीज, मग त्याच धर्तीवर इंटिग्रल. म्हणजे तुम्हाला हवं होतं ते नेमकं पुढच्या प्रकरणात होतं आणि तुम्ही एक प्रकरण आधी उतरलात! तरी तुमची तक्रार मला कळते. ते पुस्तक वाचकाकडून सबुरी मागतं. वाक्यं लांब, दर चार ओळींनी मागच्या समीकरणाचा हवाला. त्याचा खरा जीव प्रश्नसंग्रहात आहे. दुसऱ्या आवृत्तीत प्रकरणांच्या शेवटी प्रश्न पायऱ्यांनी लावलेत : उत्तरं दिलेले सोपे प्रश्न, मग उत्तरं न दिलेले सोपे, त्यानंतर कठीण. पहिल्या वाचनात फक्त पहिली पायरी सोडवा आणि पुढच्या प्रकरणाला लागा. उरलेलं दुसऱ्या फेरीत.

तेही जड वाटलं तर बी. पी. लाठी यांचं 'लिनिअर सिस्टिम्स अँड सिग्नल्स' घ्या. ते सुरुवातीलाच कॉम्प्लेक्स संख्या आणि पार्शल फ्रॅक्शन्सची उजळणी घेतात. माझा अनुभव असा की 'सिग्नल्स कळत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांचं घोडं तिथेच अडलेलं असतं, सिग्नल्सपर्यंत ती पोचलेलीच नसतात. लाठी बोलतात फार, असं काही सहकारी म्हणायचे. बोलू द्या की. शिकणाऱ्याला समोर कुणीतरी बोलणारं लागतं.

फक्त दोन्ही पुस्तकं एकदम, पानाला पान लावून वाचू नका. फूरिये रूपांतर सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत मोडून दाखवतं, लाप्लास हा त्याचाच मोठा भाऊ. ओपनहाइम-विल्स्कीत फूरिये आधी येतो आणि लाप्लास बराच नंतर. लाठींच्या या पुस्तकात लाप्लास आधी, फूरिये नंतर. शिवाय खाचाखोचा वेगळ्या. एकच उदाहरण देते, कारण त्यात मुलं हमखास फसतात. लाठींचा सिंक म्हणजे साइन एक्स भागिले एक्स, तो पहिल्यांदा शून्य होतो पायपाशी (π, साधारण ३.१४). ओपनहाइम-विल्स्कीचा सिंक आत पाय घेऊन येतो, त्यामुळे तो १ पाशीच शून्य होतो. मॅटलॅब आणि नमपाय ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर या दुसऱ्या पंगतीतली. आता एका पुस्तकातून आयताकृती पल्सचं रूपांतर उचला आणि दुसऱ्याच्या सिंकनं आलेख काढा. रुंदी पायपटीनं चुकते, आकार मात्र अगदी बरोबर दिसतो, म्हणून चूक लक्षातच येत नाही. एक पुस्तक मुख्य ठेवा. अडलात तर तेवढ्यापुरतं दुसरं उघडा, आणि उघडल्यावर आधी त्यातल्या व्याख्या बघा.

प्रश्न : एका पुस्तकात युनिट स्टेपचं फूरिये रूपांतर 'एक भागिले जे-ओमेगा' दिलंय. दुसऱ्यात त्याला 'अधिक पाय गुणिले डेल्टा ओमेगा' असं शेपूट आहे. कोणतं खरं मानू?

उत्तर : शेपूटवालं. युनिट स्टेप शून्य क्षणाआधी ० आणि नंतर १ असते, सिग्नम आधी वजा १ आणि नंतर १. डेल्टा म्हणजे इम्पल्स, ओमेगा म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि जे म्हणजे वजा एकचं वर्गमूळ. स्टेप म्हणजे अर्धा स्थिरांक अधिक अर्धा सिग्नम : शून्याच्या डावीकडे अर्ध्यातून अर्धा गेला, उजवीकडे अर्ध्यात अर्धा मिळाला. स्थिरांक १ चं रूपांतर दोन पाय गुणिले डेल्टा, म्हणून अर्ध्याचं पाय गुणिले डेल्टा. सिग्नमचं रूपांतर दोन भागिले जे-ओमेगा, म्हणून अर्ध्या सिग्नमचं एक भागिले जे-ओमेगा. दोन्ही मिळवा.

पहिल्या पुस्तकाचं खोटं एका ओळीत पकडता येतं. एक भागिले जे-ओमेगा हे अर्ध्या सिग्नमचं रूपांतर आहे. तेच स्टेपचंही असेल तर दोन निरनिराळ्या सिग्नलचं रूपांतर एकच झालं, मग उलट दिशेनं परत यायचं तर कुणाकडे?

चूक कुठे झाली तेही दिसतं. त्यांनी लाप्लासच्या कोष्टकातून 'एक भागिले एस' उचललं आणि एसच्या जागी जे-ओमेगा घातला. ते चालतं, पण काल्पनिक अक्ष रीजन ऑफ कन्व्हर्जन्समध्ये, म्हणजे आपल्या आरओसीमध्ये (एसच्या ज्या किमतींना लाप्लासचं इंटिग्रल मर्यादित राहतं त्या भागात) असेल तरच. स्टेपचा आरओसी त्या अक्षाच्या उजवीकडे आहे, अक्ष त्यात नाही. आरओसीला शोभेची वस्तू समजणारी पुस्तकं अशी सापडतात. त्याच पुस्तकात पुढे जाऊन बघा : शून्यानंतर घटत जाणारा एक्स्पोनेन्शियल, आणि शून्याच्या आधीचा, ऋण चिन्ह लावलेला तोच एक्स्पोनेन्शियल, या दोघांचंही लाप्लास 'एक भागिले एस अधिक एक' येतं हे त्यात सांगितलंय का? दोघांना वेगळं ठेवणारी गोष्ट एकच, आरओसी. सांगितलं नसेल तर त्या पुस्तकातल्या इनव्हर्स लाप्लासच्या उदाहरणांवर डोळे झाकून विसंबू नका.

प्रश्न : मी नुकताच शिकवायला लागलो आहे आणि विभागासाठी पाठ्यपुस्तक सुचवण्याचं काम माझ्याकडे आलंय. टेबलावर बरीच पुस्तकं आहेत, पण सगळ्यांची अनुक्रमणिका जवळजवळ सारखीच. काय बघून निवडावं?

उत्तर : अनुक्रमणिका मिटा. प्रस्तावनाही वाचू नका, तिथे प्रत्येक जण 'विद्यार्थ्यांच्या गरजा लक्षात घेऊन'च लिहीत असतो. या विषयात काही ठिकाणं अशी आहेत की तिथे लेखकाला थोडं खोटं बोलणं सोयीचं पडतं. थेट ती पानं उघडा.

पहिलं ठिकाण इम्पल्स. 'शून्यापाशी अनंत, बाकी सगळीकडे शून्य, क्षेत्रफळ एक' असं लिहून पुस्तक पुढे निघालं असेल तर थांबा आणि डेल्टा ऑफ २टी शोधा. तोही शून्यापाशी अनंत, बाकी सगळीकडे शून्य. पण त्याचं क्षेत्रफळ अर्धं. म्हणजे 'शून्यापाशी अनंत' या वर्णनानं दोघांत फरकच करता येत नाही. इम्पल्सची ओळख त्याच्या कामावरून होते : कुठल्याही अखंड फंक्शनला त्यानं गुणून इंटिग्रेट केलं की त्या फंक्शनची शून्यापाशीची किंमत हाती येते. डिरॅकनं १९२० च्या दशकाच्या शेवटी भौतिकशास्त्रात हे साधन बिनधास्त वापरलं. इंजिनिअर हेविसाइड तर त्याच्याही आधी तसल्याच युक्त्या करत होता आणि गणितज्ञांच्या शिव्या खात होता. नीट गणिती पाया घातला लॉराँ श्वार्त्झनं, १९४० च्या दशकात, आणि १९५० मध्ये त्याला फील्ड्स मेडल मिळालं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना श्वार्त्झ शिकवा असं मी म्हणत नाही. 'हे नेहमीसारखं फंक्शन नव्हे' एवढं एक प्रामाणिक वाक्य आणि त्यानंतर कामावरून केलेली व्याख्या, बस्स. ओपनहाइम-विल्स्की हे दोन्ही करतात. आधी अरुंद होत जाणारा पल्स दाखवतात आणि मग कन्व्होल्यूशनमधल्या वागणुकीवरून इम्पल्सची व्याख्या करतात.

दुसरं ठिकाण इनिशियल कंडिशन्स, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लपवाछपवी इथेच चालते. रिकामा कपॅसिटर आणि त्याला समांतर रेझिस्टर, त्यांना करंटचा इम्पल्स दिला. व्होल्टेज शून्यापाशी उडी मारतं. आता 'व्होल्टेज ऑफ शून्य' म्हणजे उडीच्या आधीचं की नंतरचं? शून्य-वजा आणि शून्य-अधिक असा भेद न करणारं पुस्तक इथे काहीतरी हातचलाखी करतं आणि उत्तर बरोबर आणून दाखवतं. हुशार मुलं अशा वेळी स्वतःवरच शंका घेतात, याचा मला फार राग येतो. लाठींची मांडणी इथे मला सगळ्यात स्वच्छ वाटते. इनपुट शून्य ठेवून नुसत्या आतल्या साठ्यामुळे येणारं आउटपुट वेगळं, साठा शून्य ठेवून नुसत्या इनपुटमुळे येणारं वेगळं, आणि शेवटी दोघांची बेरीज.

याच पानाशी जोडलेली आणखी एक खूण. बरीच पुस्तकं सरळ लिहितात की स्थिर सहगुणकांचं लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन म्हणजे लिनिअर सिस्टिम. ते अर्धंच खरं. आत आधीपासून साठा असेल तर इनपुट दुप्पट केल्यानं एकूण आउटपुट दुप्पट होत नाही, कारण साठ्याचा वाटा तेवढाच राहतो. ओपनहाइम-विल्स्की म्हणून 'इनिशियल रेस्ट'ची, म्हणजे इनपुट येईपर्यंत सिस्टिम शांत असण्याची, अट घालतात. 'आउटपुट बरोबर दोन गुणिले इनपुट अधिक तीन' ही सिस्टिम लिनिअर आहे का, हा प्रश्न पुस्तकात आहे का बघा. आलेख सरळ रेघ, म्हणून वर्गातली अर्धी मुलं 'हो' म्हणतात. पण इनपुट शून्य दिलं तरी ३ बाहेर येतात, मग कसली लिनिअर?

कॉझॅलिटीवर (आउटपुटला भविष्यातलं इनपुट लागत नाही, या गुणधर्मावर) जास्त वेळ घालवू नका, दोन उदाहरणं शोधा. एक्स(टी) गुणिले कोसाइन(टी अधिक एक). यात भविष्य फक्त कोसाइनमध्ये आहे आणि कोसाइन आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, म्हणून सिस्टिम कॉझल. दुसरं, एक्स(साइन टी). वरवर निरुपद्रवी, पण टी वजा पाय असताना तिला एक्सची शून्य क्षणाची किंमत लागते आणि तो क्षण अजून यायचाय, म्हणून नॉन-कॉझल. असली उदाहरणं ज्या पुस्तकात आहेत त्याच्या लेखकानं विचार केलेला असतो.

स्टॅबिलिटीचं प्रकरण उघडाल तेव्हा पोल (छेद शून्य करणारी एसची किंमत) आणि झीरो (अंश शून्य करणारी) एकमेकांना छाटतात तिथे बघा. पहिला ठोकळा 'एस वजा एक भागिले एस अधिक एक', त्याच्या पुढे दुसरा 'एक भागिले एस वजा एक'. कागदावर छेद गेला, उरलं 'एक भागिले एस अधिक एक', शांत आणि स्थिर. पण दुसऱ्या ठोकळ्याच्या आत केसभर जरी साठा उरला असेल तर तो ई च्या टी घातानं वाढत जातो आणि सगळं सर्किट घेऊन बसतो. भिंतीला रंग दिला म्हणून ओल जात नाही. बाहेरून दिसणारी स्थिरता आणि आतली स्थिरता यांत लाठी फरक करतात. बरीच पुस्तकं छेद देऊन मोकळी होतात.

आकृत्या तपासायला मात्र विसरू नका, कारण मजकुरात दडवलेलं आकृतीत उघडं पडतं. स्क्वेअर वेव्हची फूरिये सिरीज बघा. पदं वाढवत गेलं की उडीच्या शेजारचं शिंग अरुंद होतं, पण त्याची उंची एका ठरावीक आकड्यावर येऊन टिकते, उडीच्या सुमारे ९ टक्के. वजा एक ते एक अशी वेव्ह असेल तर टोक १.१८ च्या आसपास राहतं, पन्नास पदं घ्या नाहीतर पाचशे. हे गिब्ज फिनॉमेनन. भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसनचं 'नेचर' नियतकालिकातलं पत्र आणि त्यावरचा गिब्जचा १८९९ मधला खुलासा प्रसिद्ध आहे. खरं तर विल्ब्रॅहम नावाच्या गणितज्ञानं १८४८ मध्येच ते लिहून ठेवलं होतं आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं. काही पुस्तकांच्या आकृतीत पदं वाढताना शिंग हळूहळू बसत जातं. म्हणजे ती आकृती आकडे काढून काढलेली नाही, चित्रकारानं अंदाजानं रेखाटली आहे, आणि लेखकानं ती छापायला जाऊ दिली. अशा पुस्तकातल्या बोडे प्लॉटवर (फ्रिक्वेन्सीप्रमाणे सिस्टिमचं उत्तर दाखवणाऱ्या आलेखावर) माझा तरी विश्वास बसत नाही.

शेवटी प्रश्नसंग्रह. 'पुढील सिग्नलचं कन्व्होल्यूशन काढा' असे चाळीस प्रश्न म्हणजे एकच प्रश्न चाळीसदा छापलेला. मला हवे असतात ते असे : एका सिस्टिमचं एका सिग्नलला आलेलं उत्तर दिलंय, त्यावरून दुसऱ्याचं काढा. विधान दिलंय, सिद्ध करा किंवा मोडणारं उदाहरण द्या. एकाच इनपुटच्या बाबतीत 'उशीर केला तर उत्तरही उशिरा' असं दिसलं, तेवढ्यावरून सिस्टिम टाइम-इनव्हेरियंट म्हणता येईल का? (नाही येत. पण 'हो' म्हणणाऱ्याला ते का येत नाही हे लिहायला लावलं की त्याचं ते प्रकरण पक्कं होतं.)

प्रश्न : मीही शिक्षिकाच. चांगल्या पुस्तकांच्या उत्तरांच्या पोथ्या मुलांच्या मोबाइलवर असतात. गृहपाठ म्हणजे नक्कल. मग चांगल्या प्रश्नसंग्रहाचा उपयोग काय?

उत्तर : उत्तर त्यांच्याकडे आहे ना, मग तुम्हीच चुकीचं उत्तर देऊन टाका आणि चूक शोधायला सांगा. उदाहरणार्थ, सिग्नल ० ते २ या वेळात आहे, तर एक्स(२टी वजा ४) कुठे असेल? तुमचं 'उत्तर' : आधी आकसून ० ते १, मग ४ नं सरकवून ४ ते ५. दिसायला अगदी शिस्तीत. खरं उत्तर २ ते ३, कारण आधी आकसलं तर सरकवायचं २ नं, आणि ४ नंच सरकवायचं असेल तर ते आकसण्याच्या आधी. ही चूक 'कुठल्या ओळीत आणि का' हे दोन वाक्यांत लिहायचं, आलेख हातानं काढायचा. पोथीत हे मिळत नाही. तपासायलाही वेळ कमी लागतो, हा आपला फायदा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, ऑडिओवरचं एक काम अंगावर आलंय. पायथन येतं. कॉलेजात हा विषय नव्हता. कोडवर आधारलेल्या पुस्तकांनी भागेल का? लाप्लास शिकावाच लागेल का?

उत्तर : लाप्लास आत्ता नको. फीडबॅक किंवा ॲनालॉग सर्किट समोर येईल तेव्हा तो आपण होऊन दार ठोठावेल. डिस्क्रीटपासून, म्हणजे सुट्या नमुन्यांच्या सिग्नलपासून, सुरुवात करणं यात कमीपणा काही नाही. १९९८ मध्ये आलेलं मॅक्लेलन, शेफर आणि योडर यांचं 'डीएसपी फर्स्ट' नावाप्रमाणेच त्या बाजूनं शिरतं. कॉम्प्लेक्स एक्स्पोनेन्शियल मात्र पहिल्या आठवड्यात पक्का करा, त्याला पर्याय नाही.

कोडवाल्या पुस्तकांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यांची उदाहरणं फार गोंडस असतात. सेकंदाला १००० नमुने, एक सेकंदाचा सिग्नल, त्यात ५० हर्ट्झचा सूर. एफएफटी (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ऊर्जा हे झटपट काढायची रीत) केला की ५० वर एक उभी सुई आणि बाकी सपाट. वाचक खूश. आता तुम्ही ५०.५ हर्ट्झचा सूर घालून बघा. सुई मोडते आणि शेजारपाजारच्या घरांत ऊर्जा सांडते, कारण घरं एकेक हर्ट्झवर आहेत आणि तुमचा सूर दोन घरांच्या बरोबर मध्ये पडला. खरा आवाज नेहमी असाच मध्ये पडतो. जे पुस्तक पहिल्या एफएफटीनंतर पानभरातच असला सांडलेला आलेख दाखवतं आणि मग विंडोकडे (सिग्नलची टोकं हळूहळू उतरवून ही सांड कमी करण्याकडे) वळतं, ते घ्या. जे शेवटपर्यंत सुयाच दाखवतं ते ठेवून द्या.

सॅम्पलिंगच्या नियमाचं वाक्यही वाचा. 'किमान दुप्पट' असं लिहिलं असेल तर लेखकाला ५० हर्ट्झची साइन सेकंदाला बरोबर १०० वेळा मोजायला सांगा. मोजणी शून्याच्या क्षणी सुरू केली तर प्रत्येक नमुना शून्य! सूर आहे आणि हाती काहीच नाही. दुपटीपेक्षा जास्त हवं, आणि प्रत्यक्षात बऱ्यापैकी जास्त. सीडीचा दर ४४,१०० आहे, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंत वाव. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २०,००० धरतात. मधली जागा फिल्टरला उतरायला लागते, कारण कुठलाही खरा फिल्टर कड्यासारखा सरळ तुटत नाही.

प्रश्न : व्हिडिओ लेक्चर्स इतकी उत्तम असताना पुस्तक हवंच कशाला?

उत्तर : ओपनहाइम यांची स्वतःची लेक्चर्स, १९८७ साली चित्रित झालेली, एमआयटीनं मोफत उपलब्ध करून दिली आहेत. जरूर पाहा. शेवटच्या व्याख्यानात गाडीवर उलटा लंबक फीडबॅकनं तोलून धरलेला दाखवलाय, तो कुठल्याही पुस्तकात तसा दिसणार नाही. पण व्हिडिओ तुम्हाला न कळताही पुढे सरकतो. पुस्तकात न कळलेल्या ओळीवर बोट अडतं. पाहून झालं की त्याच दिवशी त्या प्रकरणाचे तीन प्रश्न सोडवा. सुटले नाहीत तर तुम्ही लेक्चर नुसतं पाहिलंय.

प्रश्न : पुस्तकातलं उत्तर चुकीचं आहे हे मला कळलंय, पण पेपर तपासणारेही तेच पुस्तक वापरतात. परीक्षेत काय लिहू?

उत्तर : बरोबर तेच लिहा, पण नुसतं शेवटचं उत्तर लिहू नका. स्टेपच्या रूपांतरात अर्धा स्थिरांक आणि अर्धा सिग्नम या दोन ओळी आल्या की परीक्षकाला शेपूट कुठून आलं ते दिसतं. दिसल्यावरही लाल रेघ मारणारे थोडे असतात. त्यांच्यासाठी पेपर परत तपासून घेण्याची सोय असते, ती वापरा, आणि भांडू नका. दुसऱ्या एखाद्या चांगल्या पुस्तकातलं कोष्टकाचं पान सोबत न्या.

प्रश्न : जुनी आवृत्ती चालेल का?

उत्तर : चालेल. फूरियेचा ग्रंथ १८२२ चा आहे, विषयाचा गाभा दर चार वर्षांनी बदलत नाही. ओपनहाइम-विल्स्कीची पहिली आवृत्ती १९८३ ची, दुसरी १९९७ ची, आणि त्या दुसरीवरच अजून कितीतरी जण शिकतायत. जुन्या पुस्तकातले मॅटलॅबचे तुकडे चालले नाहीत तर सोडून द्या. शुद्धिपत्र मिळालं तर पहिल्याच दिवशी पेन घेऊन सगळ्या दुरुस्त्या आत करून टाका. आणि गृहपाठाच्या प्रश्नांचे क्रमांक मित्राच्या नव्या प्रतीशी ताडून घ्या, ते हमखास बदललेले असतात.